पहिला साहेब घरातला

माणसाला पहिला साहेब घरातच भेटतो. हुकूम कोण सोडतो, तो मोडला तर काय होते, चूक कबूल केली तर बोलणी बसतात की कुणी जवळ घेते, काही करून दाखवले तर त्याची दखल कोण घेते, हे सारे मूल शाळेचे तोंड पाहण्याआधीच टिपून ठेवते. पुढे कचेरीत, कारखान्यात किंवा पक्षात वरिष्ठाशी गाठ पडते तेव्हा त्याला जोखण्याचे माप घरून आलेलेच असते. व्यवस्थापनाची पाठ्यपुस्तके नेतृत्व आणि प्रेरणा हे विषय कारखान्यात जन्मले असे समजून शिकवतात. पण टेलर, मास्लो, मॅकग्रेगर ही जी नावे एमबीएच्या पहिल्या सत्रातच घोकावी लागतात, त्यांची चरित्रे उघडली की प्रत्येक सिद्धांतामागे एक घर दिसू लागते. यातल्या कुणीही आईवडिलांची नक्कल केलेली नाही. आईवडिलांशी जो वाद घरात मिटला नाही, तो त्यांनी पुस्तकात चालू ठेवला.

घर आणि नेतृत्वाची आवड यांचा संबंध एका जुन्या प्रयोगात सहज, जवळजवळ चुकून, नोंदला गेला आहे. कुर्ट लेविन हे ज्यू मानसशास्त्रज्ञ हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये जर्मनी सोडून अमेरिकेत आले. हुकूमशाही माणसांचे काय करते, हा प्रश्न त्यांच्यापुरता पुस्तकी नव्हता. आयोवा विद्यापीठात रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांच्या साथीने त्यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांची छोटी मंडळे स्थापन केली. एका मंडळात पाच मुले. काम मुखवटे बनवण्यासारखे. मंडळावर नेमलेला मोठा माणूस कधी हुकूमशहा होई, म्हणजे पुढची पायरी कोणती हेसुद्धा आधी सांगत नसे. कधी तो मुलांशी चर्चा करून काम ठरवी, तर कधी सगळे मुलांवर सोपवून नुसता बसून राही. हुकूमशाही मंडळांत मुले एक तर एकमेकांवर तुटून पडत किंवा मान खाली घालून गप्प राहत, आणि नेता खोलीबाहेर गेला की काम थंडावे. चर्चेने चालणाऱ्या मंडळात नेता नसतानाही हात चालू राहत. १९३९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून त्यांचा उल्लेख नसलेले नेतृत्वावरचे पुस्तक मिळणे कठीण.

शेवटी मुलांना नेत्यांबद्दल विचारले तेव्हा वीसपैकी एकोणीस जणांनी चर्चा करणाऱ्याला हुकूमशहापेक्षा वर ठेवले. विसाव्याला मात्र हुकूमशहाच पसंत होता. तो एका लष्करी अधिकाऱ्याचा मुलगा होता आणि कडक शिस्त ही त्याच्या लेखी चांगलीच गोष्ट होती. याला अर्थ असेल किंवा नसेलही, अशा जपून केलेल्या सुरात संशोधकांनी ही नोंद केली. एका मुलावरून सिद्धांत उभा राहत नाही हे खरेच. तरी सगळ्यांना सारखाच त्रास देणारा नेता एकाला घरच्यासारखा वाटू शकतो, एवढे त्या नोंदीतून दिसते. पुढे १९६० च्या दशकात डायना बॉमरिंड यांनी पालकांच्या वागण्याचे तीन प्रकार मांडले: फक्त धाक दाखवणारे, धाकाबरोबर कारणही सांगणारे आणि सगळेच चालवून घेणारे. हे तीन प्रकार लेविनच्या तीन नेत्यांचे सख्खे भाऊ शोभतात.

फ्रेडरिक विन्स्लो टेलर १८५६ मध्ये फिलाडेल्फियातल्या जर्मनटाउन भागात जन्मला. वडील फ्रँकलिन वकील, क्वेकर परंपरेतले, मृदू स्वभावाचे आणि खाऊनपिऊन सुखी. आई एमिली गुलामगिरीविरोधी चळवळीतली कार्यकर्ती, करारी आणि मुलांच्या शिस्तीबाबत काटेकोर. टेलरच्या बालपणाच्या गोष्टी वाचताना हसूही येते आणि वाईटही वाटते. खेळाचे मैदान फूट आणि इंचांत मोजून आखल्याशिवाय तो खेळ सुरू होऊ देत नसे. क्रोकेच्या खेळात तो कोनांचे गणित मांडी. फिरायला गेला तर कमीत कमी दमून जास्तीत जास्त अंतर कापणारे पाऊल कोणते, ते शोधी. रात्री दुःस्वप्ने पडत आणि जाग येई तेव्हा तो उताणा झोपलेला असे. यावर त्याने पट्टे आणि लाकडी टोके जोडून एक साज तयार केला, उताणे वळताच टोचून जागे करणारा. घरातली शिस्त त्याने अंगावर बांधून घेतली, असे म्हटले तर ते नुसते अलंकारिक बोलणे ठरू नये.

वडिलांप्रमाणे वकील व्हायचे म्हणून टेलरने हार्वर्डची प्रवेशपरीक्षा दिली आणि तो उत्तीर्णही झाला. मग डोळ्यांचा त्रास सांगून तो हार्वर्डला गेलाच नाही. १८७४ मध्ये हा सुखवस्तू घरचा मुलगा एका कारखान्यात उमेदवारी करू लागला, आणि डोळे यथावकाश बरे झाले. १८७८ मध्ये तो मिडव्हेल स्टीलमध्ये गेला, तिथे मुकादम झाला आणि कारागीर मुद्दाम हात आखडून काम करतात यावरून त्याचे त्यांच्याशी जोरात वाजले. त्यातून निघालेला उपाय असा: काम किती वेळात व्हावे हे साहेबाच्या मर्जीने ठरू नये आणि कामगाराच्याही नाही, स्टॉपवॉचने ठरावे. बेथलेहेम स्टीलमध्ये कच्च्या लोखंडाच्या कांबी उचलणारा माणूस दिवसाला साडेबारा टन उचलत होता तो साडेसत्तेचाळीस टनांवर आला आणि त्याची मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर झाली, असा टेलरचा दावा होता. केव्हा उचलायचे आणि केव्हा बसायचे हेही त्याला सांगितले जाई. १९११ च्या ‘शास्त्रीय व्यवस्थापनाची तत्त्वे’ या पुस्तकात या पद्धतीला कायमचे रूप मिळाले.

टेलरचे मानसशास्त्रीय चरित्र १९७० मध्ये एका भारतीयाने लिहिले, ही गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक असायला हरकत नाही. सुधीर काकर मूळचे यंत्र अभियंते. हार्वर्डमध्ये एरिक एरिक्सन यांच्या हाताखाली काम करून ते मनोविश्लेषणाकडे वळले. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी गोव्यात काढली आणि २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. टेलरची पद्धत आणि घरातल्या अधिकाराशी असलेला त्याचा ताण या दोन गोष्टी काकरांनी एकत्र वाचल्या. ज्याला हुकूम मानणेही जड जाते आणि मोडणेही जमत नाही, त्याला हुकूम देणारा माणूसच मध्ये नको असतो. घड्याळाची आज्ञा पाळण्यात कमीपणा नाही. कामगारांना मात्र ते घड्याळ साहेबाच्याच हातात दिसत होते. १९११-१२ मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीने टेलरपद्धतीची चौकशी केली ती या रोषामुळेच.

अब्राहम मास्लो याचे घर अगदी वेगळे. १ एप्रिल १९०८ रोजी ब्रुकलिनमध्ये, रशियन साम्राज्यातून आलेल्या ज्यू कुटुंबात तो जन्मला. सात भावंडांत थोरला. वडील सॅम्युअल पिंपे बनवण्याच्या धंद्यात होते आणि घरी फारसे नसत. आई रोझ हिच्याविषयी मास्लोने जे सांगून ठेवले ते वाचवत नाही. घरात पैशाची तशी तंगी नसताना ती खाण्याच्या कपाटाला कुलूप लावी. त्याने रस्त्यावरून उचलून आणलेली मांजराची दोन पिल्ले तिने त्याच्यासमोर भिंतीवर आपटून मारली. बारीकसारीक चुकांना देव शिक्षा करील, अशी भीती ती घाली. ती वारली तेव्हा मास्लो अंत्ययात्रेला गेला नाही. आपले सारे तत्त्वज्ञान आणि संशोधन हे आईच्या जगण्याविषयीच्या तिटकाऱ्यातून उगवले, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. ही सगळी साक्ष एकाच बाजूची आहे, हे विसरू नये. परक्या देशात सात मुले वाढवणाऱ्या त्या बाईची बाजू कुणी लिहून घेतली नाही.

आता १९४३ चा ‘मानवी प्रेरणेचा एक सिद्धांत’ हा मास्लोचा निबंध या पार्श्वभूमीवर वाचावा. आधी भूक, मग सुरक्षितता, मग प्रेम आणि आपलेपणा, मग मान, आणि हे सगळे बऱ्यापैकी मिळाले की स्वतःतले सामर्थ्य फुलवण्याची ओढ. कुलूपबंद कपाट, भीती आणि माया नसलेले घर, असे त्या मुलाचे बालपणच खालच्या पायऱ्यांवर मांडलेले दिसते. (पाठ्यपुस्तकातला प्रसिद्ध त्रिकोण त्या निबंधात नाही, तो नंतर इतरांनी काढला.) आईच्या उलट टोकाला असलेला माणूस कसा असेल हे मास्लो आयुष्यभर शोधत राहिला. रूथ बेनेडिक्ट आणि मॅक्स वर्थायमर या दोन शिक्षकांत त्याला तो सापडला आणि त्यांचा अभ्यास करता करता ‘आत्मसिद्ध’ माणसाची कल्पना आकाराला आली. म्हणजे आवडता नेता किंवा गुरू कधीकधी घरात जे नव्हते त्याची भरपाई म्हणून निवडला जातो.

डग्लस मॅकग्रेगरच्या घराची गोष्ट या दोघांपेक्षा गुंतागुंतीची आहे, कारण त्याचे वडील वाईट नव्हते. तो १९०६ मध्ये डेट्रॉइटमध्ये जन्मला. बेघर पुरुषांना आसरा देणारी एक धर्मादाय संस्था त्याच्या आजोबांनी तिथे सुरू केली होती आणि पुढे ती मॅकग्रेगर इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली गेली. सरोवरांवरच्या बोटींवर काम करणारे खलाशी, हंगामी मजूर, दारूने वाताहत झालेले लोक असे शेकडो जण तिथे मुक्कामाला येत. वडील मरे मॅकग्रेगर संस्था चालवत आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला प्रवचन देत. मुलगा भजनांना पियानोवर साथ करी. पुढे तो संस्थेत रात्रपाळीचा कारकून म्हणूनही बसला. वडिलांना त्या माणसांचा कळवळा होता, पण माणूस मुळात पापाकडे ओढला जातो आणि त्याला सावरून धरावे लागते, या श्रद्धेत ते वाढले होते. रोज रात्री समोर बसलेले श्रोते त्या श्रद्धेला पुरावाच पुरवत असणार.

मॅकग्रेगरने कॉलेज मध्येच सोडले आणि बफेलोला पेट्रोल पंपांच्या धंद्यात शिरून तो व्यवस्थापकाच्या जागेपर्यंत गेला. मंदीच्या काळात तो परत शिकायला आला, १९३५ मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट मिळवली आणि १९३७ पासून एमआयटीत शिकवू लागला. १९६० च्या ‘द ह्यूमन साइड ऑफ एंटरप्राइज’ या पुस्तकात त्याने सांगितले की, प्रत्येक व्यवस्थापक माणसाविषयी काहीतरी गृहीत धरूनच वागत असतो. एक गृहीतक असे: माणसाला काम नकोसे असते, त्याला हाकावे लागते आणि त्याला जबाबदारी टाळायची असते. याला त्याने ‘थिअरी एक्स’ म्हटले. दुसरे असे: काम हे खेळाइतकेच नैसर्गिक आहे आणि उद्दिष्ट आपले वाटले तर माणूस स्वतःवर लक्ष ठेवतो. ही ‘थिअरी वाय’. पहिले गृहीतक धरून वागवले की माणसे खरोखरच तशी होतात आणि साहेबाला वाटते, बघा, आपण म्हणत होतो ते खरे निघाले. पुस्तकातली सर्वांत धारदार जागा हीच.

एक्स म्हणजे वडील आणि वाय म्हणजे मुलगा, अशी वाटणी मात्र फार सोपी होईल. लोकांवर श्रद्धा ठेवून त्यांच्यासाठी राबणे हेही मॅकग्रेगरने त्याच घरात पाहिले होते. मार्व्हिन वाइसबॉर्ड या अभ्यासकाने एक्स आणि वाय यांना एकाच माणसाच्या मनात चाललेला संवाद म्हटले आहे, आणि ते पटण्यासारखे आहे. या संवादाचा कस लागला तो पुस्तक लिहिण्याआधीच. १९४८ ते १९५४ मॅकग्रेगर ओहायोतल्या अँटिऑक कॉलेजचा अध्यक्ष होता. पद सोडताना लिहिलेल्या टिपणात त्याने मान्य केले की, आपण सल्लागारासारखे राहू आणि साहेब होण्याचा कटू भाग टाळू, अशी आपली समजूत होती. माणसांशी नीट वागले की सगळ्यांना आपण आवडू, असेही वाटले होते. तसे घडले नाही. निर्णयाची जबाबदारी अध्यक्षाला टाळता येत नाही. तरीही माणसांवरचा विश्वास त्याने मागे घेतला नाही, हे १९६० चे पुस्तकच सांगते. १९६४ मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी तो गेला. त्याच्या दोन वर्षे आधी, १९६२ मध्ये, मास्लोने कॅलिफोर्नियातल्या नॉन-लिनिअर सिस्टिम्स या कारखान्यात उन्हाळा काढून मॅकग्रेगरच्या कल्पना जवळून तपासल्या. सुदृढ मनाच्या माणसांना थिअरी वाय मानवते, सगळ्यांना नाही. काहींना ठरवून दिलेली चौकट लागतेच, असे त्याचे मत झाले. पडझड झालेले घर पाहिलेल्या माणसाने सदिच्छेच्या घरातून आलेल्या माणसाला लावलेली ही कात्री होती.

चरित्रांतून सुचते ते मोजून पाहण्याचे कामही झाले. डेव्हिड मॅक्लेलंड (ज्याचे वडील मेथडिस्ट धर्मोपदेशक आणि एका कॉलेजचे अध्यक्ष होते) याने ‘सिद्धिप्रेरणे’चा, म्हणजे काम अधिक चांगले करून दाखवण्याच्या ओढीचा, अभ्यास केला. त्याच प्रवाहातला १९५९ चा बर्नार्ड रोझेन आणि रॉय डँड्रेड यांचा प्रयोग लक्षात राहण्यासारखा आहे. मुलाच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि एकाच हाताने, वेड्यावाकड्या ठोकळ्यांचा मनोरा रचायला सांगायचे. आईवडील शेजारी बसलेले. त्यांना बोलायची मुभा, हात लावायची नाही. ज्यांची सिद्धिप्रेरणा जास्त होती त्या मुलांचे आईवडील आधीच उंच मनोऱ्याची अपेक्षा धरत, आया प्रेमाने पण नेटाने पुढे ढकलत, आणि वडील बहुतेक वेळ तोंड मिटून बसत. कमी प्रेरणेच्या मुलांचे वडील मात्र ‘इकडे नाही, तिकडे ठेव’ असे सांगत राहत आणि चिडत. अपेक्षा मोठी ठेवायची आणि हात आखडता घ्यायचा, हे जमवणे किती अवघड आहे ते दहावीच्या वर्षातल्या कोणत्याही मराठी घराला सांगायला नको.

नेत्याच्या आदर्श प्रतिमेबाबत टिफनी केलर यांनी १९९९ मध्ये अमेरिकेत केलेला अभ्यास महत्त्वाचा आहे. लोक आपल्या आईवडिलांचे जे गुण सांगतात, त्यांचेच प्रतिबिंब त्यांच्या मनातल्या आदर्श नेत्यात पडते, असे त्यात दिसले. इथे आईवडील प्रत्यक्षात कसे होते हे मोजलेले नाही, ते मुलाला कसे आठवतात हे मोजले आहे; आणि नेतृत्वाच्या बाबतीत बहुधा आठवणच कामाला येते.

भारतात हा धागा आणखी ठळक आहे. पाटण्याच्या जे. बी. पी. सिन्हा यांनी १९८० च्या ‘द नर्चरंट टास्क लीडर’ या पुस्तकात मांडले की, भारतीय कर्मचारी वरिष्ठाकडून वडीलधाऱ्याची माया मागतो. वरिष्ठाने ती द्यावी, पण काम केले तरच, आणि हाताखालचा तयार होत गेला की हळूहळू त्याला निर्णयात वाटेकरी करून घ्यावे. त्याआधी १९७१ मध्ये काकरांनीही भारतीय संस्थांतल्या अधिकाराच्या रीती आणि हाताखालच्यांचे वागणे यांचा संबंध तपासला होता. एकत्र कुटुंबाच्या कर्त्यासारखा वागणारा साहेब आपल्याकडच्या अनेक उद्योगघराण्यांत आणि सहकारी संस्थांत ओळखीचा आहे. तो अडचणीला धावून येतो, मुलीच्या लग्नाला उचल देतो, आणि त्याच्यासमोर खुर्चीत बसायला माणसे कचरतात. सिन्हांच्या सूत्रातला शेवटचा टप्पा, म्हणजे वाटेकरी करून घेण्याचा, बहुतेक ठिकाणी येतच नाही. त्यामुळे पन्नाशीच्या माणसालाही तिथे लेकरूच राहावे लागते.

सगळा भार आईवडिलांवर टाकण्यात मात्र धोका आहे. मॅकग्रेगरचा अँटिऑकमधला विद्यार्थी वॉरन बेनिस पुढे नेतृत्वाच्या अभ्यासाचा मोठा माणूस झाला. त्याचे दोघे थोरले भाऊ जुळे होते; त्यांतला एक जन्मजात पुढारी वाटावा असा, तर दुसरा त्याच्या अगदी उलट. आईवडील तेच, घर तेच. रिचर्ड आर्व्ही आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मिनेसोटातल्या जुळ्या भावांचा अभ्यास केला, तेव्हा नेतृत्वाची पदे कुणाला मिळतात यातल्या फरकांपैकी सुमारे तीस टक्के फरक आनुवंशिकतेशी जोडता आला. म्हणजे कडक वडिलांचा मुलगा कडक निघाला तर ते पाहून शिकलेले की रक्तातून आलेले, हे एका घराकडे पाहून सांगता येत नाही. ज्युडिथ रिच हॅरिस यांनी १९९८ च्या ‘द नर्चर असम्प्शन’मध्ये तर पालकांपेक्षा सवंगडी मुलाला जास्त घडवतात असा दावा केला. तो सगळा मान्य होण्यासारखा नाही, पण पालकत्वावर सरसकट बोलणाऱ्यांना त्याने भानावर आणले.

शिवाय घरून आलेले माप बदलता येते, याचा पुरावा भारतातच मिळाला. मॅक्लेलंड आणि डेव्हिड विंटर यांनी १९६४ पासून आंध्र प्रदेशातल्या काकिनाड्याच्या व्यापाऱ्यांना आणि लहान उद्योजकांना हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत सिद्धिप्रेरणेचे छोटे वर्ग दिले. राजमुंद्री हे शहर तुलनेसाठी ठेवले होते. वर्ग केलेल्यांनी पुढच्या काळात नवे धंदे, जादा गुंतवणूक आणि नव्या नोकऱ्या यांत इतरांना मागे टाकले. हा वृत्तान्त १९६९ मध्ये पुस्तकरूपाने आला. शिकणारी सगळी माणसे संसारी, बालपण कधीच मागे टाकलेली होती. महाराष्ट्रासह देशभर आज उद्योजकता विकासाचे जे प्रशिक्षणवर्ग भरतात, त्यांतला सिद्धिप्रेरणेचा पाठ याच काकिनाड्याच्या प्रयोगाचा वारसा आहे.